भिंगारदिवे साहेबांचा अचूक शब्द

भिंगारदिवे साहेब लग्नाच्या पंगतीत येऊन बसले की यजमान पाण्याच्या पिंपाकडे धावायचा. जिलबी-मठ्ठ्याशी त्यांना काही देणंघेणं नसे. ते आधी पाण्याचा पेला उचलायचे, एक घोट तोंडात घेऊन इकडून तिकडे फिरवायचे, डोळे मिटायचे, आणि मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल द्यायचे, "सावेडीच्या मळ्यातली विहीर. चुना जास्त आहे. आणि पिंपात कुणीतरी हात घातला होता."

आणि अहो, हात घातलेला असायचा! वाढपी तिथेच लाल व्हायचा. शेजारचे लोक हातातला पेला हळूच खाली ठेवायचे आणि उरलेली पंगत नुसत्या मठ्ठ्यावर निघायची. चर्चमध्ये एकदा बाप्तिस्म्याच्या पाण्याचा नमुना त्यांनी बाटलीत भरून आणला होता. पाळकसाहेबांनी त्यांच्याशी महिनाभर बोलणं टाकलं. साहेबांना त्याचं वाईट वाटलं नाही. त्यांचं म्हणणं एवढंच, की पाणी जड होतं ते होतंच.

तर हे डॉक्टर शांतवन भिंगारदिवे. डॉक्टर म्हणजे दगडांचे. नगरला एका जुन्या बंगल्यात पाणी तपासायची सरकारी प्रयोगशाळा होती, तिचे ते प्रमुख, आणि मी तिथला टंकलेखक गोरे. मॅट्रिक, टायपिंगची परीक्षा आणि जिभेला हाड नाही, एवढंच माझं भांडवल. ही हकीकत बहात्तर-त्र्याहत्तरच्या दुष्काळातली. त्या साली आमच्या जिल्ह्यात पाण्यावरून कुणी विनोद करत नव्हतं. मी करत होतो.

साहेबांच्या घराच्या दारावर पाटी होती : 'भूरसायनशास्त्रज्ञ'. आता नगरच्या माणसानं याचं काय करावं? लोक 'भू' सोडून द्यायचे, 'शास्त्रज्ञ' सोडून द्यायचे आणि मधलं 'रसायन' तेवढं धरायचे. रसायन म्हणजे चाटण, अंगात ताकद आणणारं. एक निवृत्त तलाठी सकाळी सकाळी येऊन बसला. "डॉक्टर, गुडघ्यासाठी एखादं रसायन द्या की." साहेबांनी त्याला आत घेतलं, समोर काळा दगड ठेवला आणि पाऊस दगडातून झिरपताना काय काय विरघळवून नेतो ते तासभर समजावलं. तलाठी गुडघा विसरून जवळजवळ पळतच बाहेर आला.

मी म्हटलं, "साहेब, पाटी बदला ना. 'माती-पाणी तपासणारे' असं लिहा, लोकांना कळेल तरी."

"शब्द अचूक आहे, गोरे."

"पण लोकांना कळत नाही त्याचं काय?"

"तो लोकांचा प्रश्न. शब्द अचूक असला की बोलणाऱ्याचं काम संपलं."

कप्पाळ! मी हात टेकले.

माणूस मोठा विद्वान होता, यात मात्र शंका नाही. मिशनच्या शाळेत आई शिक्षिका, तिनं एकटीनं वाढवलेलं हे एकुलतं एक पोर. पुण्याला जाऊन शिकले, पुढे आमच्या काळ्या दगडावरच संशोधन केलं. त्यासाठी आमच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या डोंगरात वर्षानुवर्षं हिंडले. दगडांची पोती एस.टी.त घालून नगरला आणायचे. कंडक्टरनं विचारलं, "पोत्यात काय हाय?" साहेब म्हणाले, "बेसाल्ट." कंडक्टर थोडं इंग्रजी शिकलेला होता. म्हणाला, "सॉल्ट असो न्हाईतर साखर, लगेज पडंल." साहेबांनी लगेज भरलं. बेसाल्ट म्हणजे मीठ नव्हे, एवढं सांगायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

परदेशातून बोलावणं आलं होतं म्हणतात. पण आईनं अंथरूण धरलं, म्हणून हे नगरला परतले ते इथंच राहिले. आई गेली. मग घरात ते आणि दगड. प्रत्येक दगडाला चिठ्ठी चिकटवलेली, तीवर गाव आणि तारीख. पलंगाखाली दगड, आईच्या शिवणाच्या मशिनीवर दगड. बसायला पाहुण्याला जागा नसे, पण पाहुणाही येत नसे.

लग्न का नाही केलं, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. राहुरीकडे एका मास्तरांची मुलगी बघायला गेले होते. मुलगी ट्रे घेऊन आली. साहेबांनी पाण्याचा घोट घेतला, डोळे मिटले, आणि उघडल्याबरोबर मास्तरांना विचारलं, "विहिरीपासून संडास किती फुटांवर आहे?" मुलगी आत गेली ती परत बाहेर आली नाही.

"अहो साहेब, पोहे झाल्यावर विचारायचं होतं!"

"पोहे त्याच पाण्यात भिजवले होते, गोरे. आणि त्यांनी नंतर संडास हलवला. काम झालं." एवढं बोलून ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर व्हरांड्यात गेलो.

ऑफिसातही हाच खाक्या. मी म्हणालो, "आज ऊन फार आहे," की विचारायचे, "फार म्हणजे किती?" चहा बरा झालाय म्हटलं तर, "कालच्यापेक्षा?" त्यांच्या नकला करण्यात माझा हात कुणी धरत नसे. डोळे मिटून, ओठ आवळून मी "चुना जास्त आहे" असं म्हणालो की सगळं ऑफिस टेबलं बडवायचं. साहेबांना हे माहीत होतं. एकदा मागे उभं राहून त्यांनी माझी नक्कल पूर्ण पाहिली आणि म्हणाले, "घोट एवढा मोठा घेत नाही मी." झालं. रागावले नाहीत, काही नाहीत.

मग दुष्काळ पडला. लागोपाठचा. आमची जीप घेऊन आम्ही पाथर्डीकडची गावं धरली : साहेब, ड्रायव्हर हुसेनभाई आणि बाटल्यांवर नावं लिहायला मी. ते दिवस आठवले की आजही घास गोड लागत नाही. शेतात मातीशिवाय काही नाही. पुरुष, बाया, म्हातारे सगळे रस्त्याच्या कामावर खडी फोडायला. खायला लाल मिलोची, म्हणजे रेशनवरच्या परदेशी ज्वारीची, भाकरी. जनावरं छावणीत, तीही उभी राहायच्या अवस्थेत नव्हती. विहिरी एकेक करून आटत होत्या, आणि जिथे थोडं पाणी उरलं होतं तिथे माणसं, गुरं आणि शेण सगळं एकाच जागी गोळा झालं होतं.

अशाच एका गावाला, डोंगराच्या पायथ्याला, आम्ही गेलो. नाव सांगत नाही, त्या घरातली माणसं अजून आहेत. गावात एकच विहीर जिवंत होती. तिच्याशेजारी छावणी. विहिरीवर हौसाबाई नावाची बाई पाणी शेंदत होती, वय असेल वीस-एकवीस. बाभळीच्या सावलीत झोळी बांधलेली, झोळीत दोन महिन्यांची मुलगी. खडी फोडून फोडून बाईचं अंगावरचं दूध आटलेलं. वाटपातली दुधाची भुकटी पाण्यात कालवून ती पोरीला पाजत होती. 'डॉक्टर' हा शब्द तिनं हुसेनभाईंच्या तोंडून ऐकला आणि पदर सावरून पुढे आली.

"डाक्टर, आमच्या बाईला चालंल न्हवं हे पानी?" दोन महिन्यांच्या पोरीला ती 'बाई' म्हणत होती.

साहेबांनी तिच्या कळशीतला घोट घेतला. नेहमीसारखा फिरवला. डोळे उघडले आणि म्हणाले, "पाणी गोड आहे."

बाईचा चेहरा असा काही खुलला! आम्ही बाटली भरली, नाव लिहिलं आणि निघालो.

चार दिवसांनी प्रयोगशाळेत साहेबांनी त्या बाटलीची तपासणी केली. पुन्हा केली. तिसऱ्यांदा केली. मग खुर्चीवर बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, "नायट्रेट. छावणीचं शेणमूत उतरलंय. त्याला चव नसते, गोरे. मला कळायला हवं होतं." मला काय, नायट्रेट काय आणि कार्बोनेट काय, टाईप करायला सगळं सारखंच. मी रिपोर्ट टाईप केला, तो वरच्या कचेरीत गेला. टँकर मिळावा अशी साहेबांनी शिफारस केली होती. टँकर नव्हते. पण साहेब कागदावर थांबले नाहीत. दुसऱ्याच दिवशी जीप काढायला लावली, स्वतः गावात सांगायला.

त्या दिवशी आणखी चार गावं करायची होती. साहेब जीपमधून उतरलेसुद्धा नाहीत. विहिरीजवळ हौसाबाईचा सासरा, तात्या, पाच-सहा म्हाताऱ्यांबरोबर बसला होता. साहेबांनी खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "ऐका. या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट आहे. पुष्कळ आहे. अर्भकांना वर्ज्य समजावं."

तात्यानं कानामागे हात धरला. "काय म्हनला? नाय ट्रेट?"

"नायट्रेट," साहेब म्हणाले. "हो." आणि मान आत घेतली. अचूक शब्द अचूक माणसाला सांगून झाला होता. त्यांनी वही उघडून पुढच्या गावाचं पान काढलं. हुसेनभाईंनी गाडी सुरू केली.

मी मागे बसलो होतो, मागचा पडदा उघडा. इंजिनच्या आवाजात साहेबांना ऐकू गेलं नाही, पण मला गेलं. तात्या मागे वळून सगळ्यांना ओरडून सांगत होता, "ऐकलं का रं, आपल्या पान्यात ट्रेट नाय! नाय म्हंजे न्हाईच! मोठ्या डाक्टरानं सांगितलं, बिनघोर प्या!"

मी हसलो. पोट धरून हसलो. असला विनोद आयत्या पानावर वाढून मिळाला होता मला. ट्रेट नाय! मला वाटलं, ऑफिसात जाऊन कधी एकदा सांगतो.

सांगितला आठ दिवसांनी. मधे मी रजेवर होतो. सोमवारी अकराच्या चहाला सगळे जमले आणि मी अख्खा प्रसंग करून दाखवला. खिडकीतून डोकं काढलेले साहेब, कानाला हात लावलेला तात्या, आवाज काढून. "ट्रेट नाय! बिनघोर प्या!" लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले.

हसणं एकदम थांबलं तेव्हा मी मागे वळलो. साहेब दारात उभे होते. चेहऱ्यावर रक्त नव्हतं.

"हे खरं आहे?"

"हो साहेब, शब्दन् शब्द."

"तो असं म्हणाला? सगळ्यांना? आणि तुम्ही काय केलंत?"

 "मी... मी हसलो, साहेब."

 त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते सरळ जीपकडे चालू लागले. मी त्यांच्यामागे धावलो. हुसेनभाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

नगरपासून पाथर्डीपर्यंतचा रस्ता कधी संपेना. त्या रस्त्यात साहेब पहिल्यांदा माझ्याशी साध्या माणसांच्या भाषेत बोलले. नायट्रेट मोठ्या माणसाला सहसा बाधत नाही, म्हणाले. तान्ह्या मुलाच्या रक्तात मात्र ते असं काही करतं की श्वास चालू असतो आणि तरी मूल आतल्या आत गुदमरतं. ओठ निळे होतात, मग नखं, मग सगळं मूल.

"औषध आहे," ते म्हणाले. "सिव्हिलमध्ये आहे. मुलीला उचलायचं आणि सरळ आणायचं. वेळ गेली नसेल."

मला तेवढ्यात एक आशा दिसली. "साहेब, पण ती बाई पाणी उकळत असेल. दवाखान्याच्या बाया सांगतात ना उकळायला."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "उकळलं की काय होतं, गोरे? वाफ कशाची होते? पाण्याची. नायट्रेट भांड्यातच राहतं. जितकं जास्त उकळावं तितकं ते दाट होतं. उकळत असेल तर..."  हुसेनभाईंनी न सांगता वेग वाढवला. मी पोरीसाठी माझ्या सगळ्या देवांना नवस बोललो, साहेबही खिडकीबाहेर बघत ओठ हलवत होते.

गावात कुणी नव्हतं, सगळे खडीवर. तात्या घराच्या ओट्यावर बसला होता. जीप बघून उठला, रामराम केला.

"बाळ कुठंय?" साहेबांनी उतरता उतरता विचारलं.

"परवा गेली," तात्या म्हणाला. "निळी पडली हुती. कुनाची तरी नजर लागली."

 मी जीपपाशीच राहिलो. साहेब मात्र तसेच चालत ओट्यापाशी गेले आणि चपला काढून खाली उभे राहिले.

आवाज ऐकून हौसाबाई आतून आली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. तात्या हळूच म्हणाला, "परवापास्नं रडली न्हाई ती. येकच इचारती, ज्याला त्याला." आणि तिनं ते साहेबांनाही विचारलं.

"डाक्टर, तुमी तरी सांगा. दवाखान्यातल्या बाई म्हनल्या हुत्या, पानी उकळून भुकटी कालवायची. मी उकळायचे. लई उकळायचे. निम्मं हुईस्तवर उकळायचे. सरपन न्हवतं, तर वेळूची टोपली मोडून जाळली. ह्या बाया म्हनत्यात, तूच कायतरी चुकली. मी चुकले का, डाक्टर?"

निम्मं होईस्तोवर!  उत्तर काय आहे ते मला माहीत होतं, अर्ध्या तासापूर्वीच जीपमध्ये ऐकलेलं. आणि हा माणूसही मला माहीत होता. पोह्यांची बशी समोर असताना संडास विचारणारा. मला वाटलं धावत जाऊन यांच्या तोंडावर हात ठेवावा. 

साहेबांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

"नाही बाई," ते म्हणाले. "तुम्ही अगदी बरोबर केलंत. तुम्ही उकळलंत म्हणूनच ती इतके दिवस राहिली. नाहीतर आधीच गेली असती."

"खरं सांगताय?"

"खरं सांगतो."

"म्हंजे माझ्या हातनं न्हाई झालं?"

"तुमच्या हातून नाही. माझ्या हातून झालं. पाण्यात विष होतं, मला ते माहीत होतं, आणि मला ते तुम्हाला सांगता आलं नाही."

हौसाबाई उंबऱ्यात बसली आणि तिनं हंबरडा फोडला. ते रडणं ऐकून शेजारची म्हातारी आली, तिनं तिला कुशीत घेतलं. तात्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

मग साहेब तात्याला घेऊन घरोघर हिंडले, रस्त्याच्या कामावरही गेले. जिथे म्हणून तान्हं मूल होतं तिथे थांबून एकच वाक्य सांगितलं : "या विहिरीचं पाणी तान्ह्याला नको. उकळूनही नको. लेकरू निळं पडतं आणि जातं." आणि प्रत्येक बाईकडून ते वाक्य परत म्हणवून घेतलं. एकीला नीट म्हणता येईना, तिच्याकडून त्यांनी ते तीन वेळा म्हणवून घेतलं. गावात आणखी चार तान्ही होती. दुसऱ्या दिवसापासून आमची जीप त्यांच्यासाठी नगरहून कॅन भरून नेऊ लागली. ती चारही वाचली. पावसाळा लागेपर्यंत हुसेनभाईंनी एक खेप चुकवली नाही.

पण हे पुढचं. त्या दिवशी निघायची वेळ झाली तेव्हा मी साहेबांना गाठलं. मला ते पोटात राहवत नव्हतं. म्हटलं, "साहेब, ऐकलं होतं ते मी. मी त्याच वेळी ओरडलो असतो तर पोर वाचली असती. मला तिला सांगू द्या."

"कशासाठी?"

"खरं आहे म्हणून."

साहेबांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिले.

"दोष द्यायला तिला एक माणूस पुरे आहे, गोरे," ते म्हणाले. "बसा गाडीत."

मी बसलो. जीप वळली तेव्हा हौसाबाई दारात येऊन उभी राहिली होती. तिनं साहेबांना हात जोडले. मग मलाही जोडले.